दाराची दुसरी झडप

गॅरेज बांधायला घेतलं तेव्हाच मी ठरवलं होतं, नवा खिळासुद्धा विकत आणायचा नाही. पत्रे पाडलेल्या गोदामाचे, खिडकी बंद पडलेल्या दवाखान्याची, विटा मागच्या गल्लीत पडलेल्या भिंतीच्या. आल्यागेल्याला मी एकेक वस्तू हात लावून दाखवायचो, कुणाला विचारून आणली तेही सांगायचो. बायको म्हणायची, "अहो, पाहुण्यांना आधी पाणी तरी द्या, मग विटा दाखवा."

दाराची झडप मात्र मी कुणाला दाखवत नव्हतो.

ती शेजारच्या सुतारदादांची. त्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यावर दादांनी वहिनींची शिवणाची खोली मोडली आणि दाराच्या दोन झडपा मागच्या अंगणात टेकवून ठेवल्या. महिनाभर ऊन खात उभ्या होत्या. टाकूनच दिल्यात, असं मी मनाला समजावलं. विचारायला काय जात होतं? पण नाही म्हणाले असते तर? दादा कामावर गेलेले पाहून मी भरदुपारी एक उचलून आणली. दुसऱ्या दिवशी दुसरीसाठी गेलो, तर ती त्यांनी घरात नेलेली. टाकलेली वस्तू कुणी घरात नेत नाही. कळलं मला, पण कळूनही मी आणलेलीला हिरवा रंग फासला.

पण चोरीची झडप जमिनीला घासायला लागली, आणि बायकोनं परस्पर दादांनाच बोलावलं.

दादा रंधा घेऊन आले. आम्ही झडप उतरवून दोन स्टुलांवर आडवी ठेवली. त्यांनी वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथं कोण बघतंय म्हणून मी रंग दिला नव्हता. पटाशीनं कोरलेल्या दोन तिरक्या रेघा होत्या, अर्ध्यावर तुटलेल्या.

"कुठून आणलीस?"

"भंगारवाल्याकडून," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, म्हणून वर आणखी सांगितलं, "बाजारामागचा तो. उंच, मिशीवाला."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी खालची कड रंधून काढली, झडप पुन्हा बसवली, दोनदा उघडून मिटून पाहिली. मग म्हणाले, "एका झडपेनं गॅरेज बंद होत नाही," आणि घरी गेले.

परतले तेव्हा त्यांच्या पाठीवर दुसरी झडप होती. साठी उलटलेला माणूस, वाकून फाटकातून आत येत होता. मला धावून हातसुद्धा लावता आला नाही.

"हिच्या खोलीची जोडी आहे," ते म्हणाले. "फुटायला नको."

त्यांनी पहिली पुन्हा उतरवून दोन्ही स्टुलांवर शेजारीशेजारी आडव्या ठेवल्या. वरच्या कडांवरच्या रेघा जुळल्या आणि एक अख्खा त्रिकोण झाला. जोडीच्या झडपांची अदलाबदल होऊ नये म्हणून दादा दर दारावर अशी खूण करत. आमच्या स्वयंपाकघराचं दारही त्यांनीच केलेलं, त्यावरही आहे. बायकोनं त्रिकोणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झडपा बसवायला दादा स्टुलावर चढून बिजागरी धरून उभे राहिले.

"दादा, भंगारवाला नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे. स्क्रू दे."

मी पुढे केला. त्यांच्या हातात पोचण्याआधीच तो खाली पडला. मी नुसता बघत राहिलो. दादा स्टुलावरून उतरले, वाकून त्यांनी तो उचलला, आणि परत वर चढले.