डावं बटण आणि नाथाजींचा तुरा

गेल्या वर्षी जत्रेच्या दिवशी दुपारी चार वाजता विश्वजीतने माझं आवाजाचं डावं बटण फिरवून जवळजवळ बंद केलं. त्या वेळी डाव्या माइकवर शाहीर नाथाजी गात होते.

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. हातात मावेन एवढा. एका कोपऱ्यावरचा रंग उडालेला. सांगलीतली एक छोटी संस्था लोकगीतं जपते आणि ती रेकॉर्ड कशी करायची ते लोकांना शिकवते. तिथे मी नवा आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. जात्यावरच्या ओव्या, धनगरांचे ढोल, हळदीच्या बाजारातल्या हमालांच्या हाका, सगळं मी मन लावून ऐकलं. मला दिसत नाही. पण ऐकलेलं मी विसरत नाही, आणि काही गोष्टी माफही करत नाही.

त्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात तिथल्याच दोन शाहिरांचा कलगीतुऱ्याचा सामना होता. एका शाहिराने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं. सुटलं नाही, तर हरलेल्याने आपल्या डफाचा गोंडा सोडून जिंकणाऱ्याच्या डफाला बांधायचा, ही त्या गावची रीत. नाथाजींच्या डफाला घुंगरांचा तुरा होता. त्यांच्या गुरूंनी स्वतःच्या हातांनी बांधलेला.

उजव्या माइकवरून हंबीररावांनी कोडं घातलं, "जन्मला तवा दिसला न्हाई, मेला तवा पुरला न्हाई, सांग शाहिरा, त्यो कोन?"

नाथाजींनी थाप मारली आणि लगेच उत्तर गायलं: नाद. पण दोन्ही माइकांचे आवाज माझ्यातून कर्ण्याकडे जात होते, आणि माझ्यापाशी हंबीररावांचा भाचा विश्वजीत बसला होता, संस्थेत शिकणारा, मला तिथून घेऊन आलेला. जत्रेच्या गलबल्यात नाथाजींचं उत्तर विरून गेलं.

वाद झाला. पंच म्हणाले, "मशिनीत भरलंय न्हवं? लाव की रं." विश्वजीतने लावलं. हंबीरराव खणखणीत वाजले. नाथाजींच्या जागी नुसती सरसर.

"नाथाजी, मशिनीनंबी तुझं ऐकलं न्हाई रं!" हंबीरराव ओरडले. "सोड तुरा!"

सगळी जत्रा हसली. तुऱ्याची घुंगरं एका डफावरून दुसऱ्या डफावर गेली. मी ते सगळं ऐकत होतो. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं होतं.

विश्वजीतने संस्थेत येऊन सांगितलं, "ह्याचा डावा कान गेलाय." माझ्या कानाला काहीही झालं नव्हतं. तरी मी कपाटात गेलो. माझे सेल काढले, कार्ड मात्र कोणी काढलं नाही. अंधारात पडल्या पडल्या मी एकच गोष्ट घोकली. कोणीतरी येईल.

रेश्मा आली. कुपवाडला कारखान्यात काम करणारी, रविवारी स्कूटरवर शिकायला येणारी. नाथाजींची सून. शिकवणाऱ्या ब्राह्मीताई म्हणाल्या, "सरावाला हा बिघडलेला घे." तिने माझं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर डाव्या माइकच्या आवाजाची रेघ दोऱ्यासारखी सपाट आहे, असं ती ताईंना सांगत होती. तिने ती मोठी करून पाहिली, तर दोऱ्यावर बारीक उंचवटे होते. हळू आवाज म्हणजे नसलेला आवाज नव्हे, हे ती नुकतंच शिकली होती. तिने तो वाढवला. सरसर वाढली, ती जपून कमी केली. पहिल्यांदा जास्त कमी केली, तर आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, पुन्हा केलं. मग सरसरीतून सासरे गाऊ लागले.

माझ्या माथ्यावर माझे स्वतःचेही दोन कान आहेत. त्यांनी ऐकलेलं कर्ण्यावर जात नाही, वेगळ्या फाइलीत राहतं. हा धडा विश्वजीतने बुडवला होता. रेश्माने ती फाइल उघडली.

"झालं का रं?"

"झालं, मामा. आता बोंबलू दे कितीबी."

मग हंबीररावांचं हसू.

रेश्माने गावी जाऊन घरी ऐकवलं. नाथाजींनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "पंचास्नी आत्ता सांगू नगंस पोरी. जत्रंत लाव. तवा जेवढी हसली, तेवढी म्होरं बसू देत."

या वर्षीच्या जत्रेत मी पुन्हा कर्ण्याला जोडला गेलो. आधी नाथाजींचं उत्तर वाजलं, मग ते हसू. या वेळी कोणी हसलं नाही. ती शांतता मी भरून ठेवली आहे. एवढी गोड गोष्ट माझ्या कार्डावर दुसरी नाही.

"एडिटिंग हाय ह्ये!" विश्वजीत किंचाळला. "आता काय बी बोलवून घेता येतंय!"

"मी फकस्त आवाज वाढवलाय, भावजी," रेश्मा म्हणाली. "मूळ फाइल ताईंकडं हाय. तुमीच भरलेली. चला, समदी मिळून ऐकू."

पंच म्हणाले, मूळ ऐकून ठरवू. नाथाजी उठले. "पंचांच्या हातनं नगं मला. ज्यानं बांधून घेतला त्यानंच सोडावा. माझ्या दारात येऊन."

मित्रांनो, यंत्राला धुळीपासून जपा. काम झालं की सेल काढून ठेवा. आणि दुसऱ्याचा आवाज बंद करायला आमच्या बटणाला हात लावू नका. आम्ही भांडत नाही. आम्ही फक्त ठेवून देतो.

पंच अजून बसलेले नाहीत. हंबीररावांचा डफ गावच्या देवळाच्या मंडपात खुंटीला असतो. परवा सकाळी रेश्मा मला तिथे भजनासाठी चालू करून सतरंजी आणायला गेली. वहाणा काढल्याचा आवाज आला. उजव्या माइकवर ऐकलेला ओळखीचा जड श्वास आला. डफ खुंटीवरून निघाला आणि घुंगरं थांबून थांबून वाजत राहिली. गाठ घट्ट असावी. मग डफ घुंगरांविना खुंटीवर गेला आणि वहाणा पुन्हा पायांत गेल्या. देवळापुढून एक वाट नाथाजींच्या दाराकडे जाते, दुसरी एसटीच्या थांब्याकडे. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला. तो लांब गेला तेव्हा घुंगरं ऐकू येत नव्हती; ती कोणत्या वाटेने गेली, एवढंच माझ्यात भरलेलं नाही.