तिसरा सिलिंडर

तिसऱ्या प्लगची वायर चंपतरावांनी रबराच्या तुकड्यात धरून ओढून काढली आणि डावा तळहात गाडीच्या मागच्या पत्र्यावर टेकवला. या गाडीचं इंजिन मागेच होतं, आणि ते चालू होतं. पहिली, दुसरी आणि चौथी वायर काढताना ते हाताखाली लंगडलं होतं. तिसरी काढली काय, न काढली काय, थरथर तशीच राहिली.

"तिसरा काम नाही करून राहिला," ते म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर शोभाताईंनी मान डोलावली. गाडी त्यांची होती. हिप्प्यांच्या त्या वर्षांत एक परदेशी जोडपं नागपूरपर्यंत येऊन थकलं आणि ती इथेच विकून गेलं. आत झोपायचा बाक होता, लहानसं बेसिन होतं, पडदे होते. शोभाताईंनी बेसिनच्या वर औषधांचं कपाट ठोकून घेतलं होतं. आठवड्यातले चार दिवस त्या कुहीच्या पलीकडच्या गावांत फिरत आणि रात्री गाडीतच झोपत. त्या गावांना दुसरा डॉक्टर नव्हता. गेल्या खेपेला पुलाच्या चढावर गाडीने तीनदा गचके दिले, तेव्हा आत एक अवघडलेली बाई होती. हे सगळं शोभाताईंनी आल्या आल्या सांगितलं होतं. चंपतराव त्यांच्या ओठांकडे बघत होते, म्हणून त्यांना बरंचसं समजलं होतं.

उमरेड रोडवरचं ते गॅरेज चंपतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ जागेश्वर, दोघांचं होतं. पण नाव चंपतरावांचंच होतं. बाप कोष्टी. मागावर बाप बसलेला असताना ओसरीतून चंपत सांगायचा की सूत तुटलं, आणि तुटलेलंच असायचं. माग बंद पडला, तो कान इंजिनांच्या कामी आला. कळमेश्वर, खापरखेड्यापासून लोक गाड्या आणत आणि सांगत, चंपतरावाला नुसती ऐकवायची.

दोन वर्षांपासून मात्र आवाज त्यांच्यापासून हळूहळू लांब जात होते. आधी पाखरं गेली, मग सायकलच्या घंट्या. माणसांची बोलणी भिंतीपलीकडून आल्यासारखी येऊ लागली. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजूला यंत्र चालू असलं की दोष त्याच्यावर टाकता येई, आणि गॅरेजात यंत्र नेहमीच चालू असे.

त्यांनी इंजिन बंद केलं, तिसरा प्लग काढला, वायरीला लावून ठिणगी पाहिली. ठिणगी निळी, सणसणीत होती. पेट्रोल पोचत होतं. उरली दाबाची परीक्षा. पट्ट्याची पुली पान्ह्याने फिरवून त्यांनी दोन्ही व्हाल्व्ह मिटतील तिथे इंजिन थांबवलं आणि प्लगच्या भोकात हवेची नळी बसवली. आता हवा जिथून सुसाटेल तिथे रोग. सायलेन्सरमधून आली तर धुराचा व्हाल्व्ह जळलेला, कार्बोरेटरमधून आली तर दुसरा.

चंपतराव जमिनीवर गुडघे टेकून सायलेन्सरपाशी वाकले. काही नाही. उठून त्यांनी कार्बोरेटरला कान लावला. तिथेही काही नाही. ते पुन्हा खाली वाकले. शोभाताई, गाडी, समोरचा रस्ता, सगळं निःशब्द होतं. मान वर केली तेव्हा जागेश्वर चार हात अंतरावर उभा दिसला. तो सायलेन्सरकडे बघत होता. चंपतरावांनी पाहिलं तशी त्याने नजर काढून घेतली.

तळहात लावून पाहता आला असता. चंपतरावांना ते सुचलंही. पण चंपतरावाने हवा हाताने चाचपावी आणि ते दोघांनी बघावं, हे त्यांच्याने झालं नाही.

"हवा कुठूनच नाही जाऊन राहिली," ते उठत म्हणाले. "प्लगच कमजोर झाला, बाई. गरम झाला का साथ सोडते."

नवा प्लग बसवला. इंजिन उभ्या उभ्या जरा बरं चाललं, निदान तळहाताला तसं वाटलं. शोभाताईंनी हात जोडले आणि गाडी काढली. जागेश्वर फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला, खिडकीशी काही बोलला. मग परत येऊन त्याने भावाला सांगितलं, तू जाय घरी, मी कुलूप लावून येतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती. चंपतरावांचा चष्मा तिथे राहिला होता म्हणून ते सकाळी निघाले. चष्म्याचं निमित्तही असेल. रात्रभर तो सायलेन्सर त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत शोभाताईंची गाडी उभी होती. तिचं इंजिन खाली उतरवून पोत्यावर ठेवलेलं होतं आणि जागेश्वर पाठमोरा बसून एका बाजूचं हेड खोलत होता. शोभाताई गाडीच्या दारात चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. जागेश्वरने एक व्हाल्व्ह उजेडात धरून त्यांना दाखवला. त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी जळून गेली होती.

त्याच्या मागे कळमेश्वरच्या ठेकेदाराची जीप होती. चंपतरावांनी ती परवा दुरुस्त करून दिली होती. जागेश्वर म्हणाला होता, घेऊन गेले गा, खूश होते. जीपचा गिअरबॉक्स खाली काढून ठेवलेला होता.

जागेश्वर मान खाली घालून काहीतरी सांगत होता. शोभाताई ऐकत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा कप ओठांशी थांबला. चंपतरावांनी त्यांना हातानेच नको म्हटलं. शोभाताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा जागेश्वरच्या हातातल्या व्हाल्व्हकडे नेली. चंपतराव आले तसे फिरले. आपली चप्पल वाजली की नाही, हे त्यांना समजायला मार्ग नव्हता. जागेश्वरने मागे पाहिलं नाही.

घरी रुख्माबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. सावली पडली तशी त्यांनी मान वळवली, चेहरा पुरता त्यांच्याकडे केला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं,

"काहून जी, लवकर आले?"

चंपतराव दारातच थांबले. ही अशी कधीपासून बोलते? लग्न होऊन आली तेव्हा भरभर बोलायची. सासू म्हणायची, हिचं बोलणं म्हणजे लाह्या. कामात असली की पाठमोरीच बोलायची, अर्धं तोंडात, अर्धं धुरात. आता ती हातातलं काम थांबवून, वळून, उजेडाकडे तोंड करून बोलत होती. आठवून पाहिलं तर काल, परवा, दिवाळीलाही ती अशीच बोलत होती.

"तुलेबी माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

काय माहीत होतं, असं रुख्माबाईंनी विचारलं नाही. हाताचं पीठ तसंच ठेवून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग चुलीकडे वळून त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. तिकडेच तोंड करून त्या बोलू लागल्या. खूप बोलत असाव्यात. मानेची शीर हलत होती, खांदे हलत होते, मध्ये एकदा त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा बोलत राहिल्या.

चंपतराव त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. तिचं बोलून होईपर्यंत ते हलले नाहीत.