पत्रकावर पोट भरलेलं पिल्लू

आवक-जावकच्या बाईंना मांजरं आवडत नसत. माणसंही फारशी आवडत नसत, पण त्यांच्यात रोज आठ तास बसणं भाग होतं. त्यामुळे मांजरीनं रेकॉर्ड रूममधल्या एका फाटक्या खोक्यात चार पिल्लं घातली आणि अख्खं ऑफिस तिकडं लोटलं, तेव्हा या एकट्या आपल्या टेबलाशी पाकिटांवर शिक्के मारत बसल्या.

"अगंबाई, किती गोड!" टायपिस्ट किंचाळली. तिला स्टेपलरच्या नव्या पिनाही गोड वाटत. हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर चढवून पिल्लं मोजली आणि 'चार आहेत' असं जाहीर केलं. ते सगळ्यांना दिसतच होतं. पण हेडक्लार्कनी सांगितल्याशिवाय या ऑफिसात चाराचे चार होत नसत.

गर्दी पांगल्यावर बाई आत गेल्या, त्याही एक जुनी फाईल हवी होती म्हणून. तीन पिल्लं आईच्या पोटाला लुचत होती, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन. चौथं, राखाडी रंगाचं, खोक्याच्या कोपऱ्यात ढकललं गेलं होतं. ते तोंड उघडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. इतक्या लोकांनी वाकून वाकून बघितलं, 'गोड गोड' म्हणून ओठांचा चंबू केला, आणि हे एकाच्याही नजरेला पडू नये? डोळे आहेत की बटणं, असं बाईंना झालं.

त्यांनी पिल्लू उचलून टपालाच्या काट्यावर ठेवलं. ब्याऐंशी ग्रॅम. बाकीची तीन एकेक करून ठेवली, तर प्रत्येक सव्वाशेच्या घरात. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या, पण कामाच्या. पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्यायची, गार पिल्लाला दूध पचत नाही. आणि दर दोन-तीन तासांनी मोठ्या तिघांना पंधरा मिनिटं बाजूला काढायचं, याला मागच्या सडाला लावायचं, तिथं दूध जास्त असतं.

बाईंनी ते केलं. दहा, बारा, तीन आणि पाच, घड्याळ लावून. मोठे तिघे कागदाच्या ट्रेमध्ये बोंबलत, आणि हे येडं सड सोडून बाईंच्या बोटालाच लुचू बघे. "अरे गाढवा, तिकडं," असं म्हणून बाई त्याचं तोंड फिरवत. रात्रीचं शिपाईमामा बघत, कारण ते मागच्याच खोलीत राहायचे. त्यांना एकदा दाखवलं ते पुरलं. बाकीच्यांना दाखवायच्या भानगडीत बाई पडल्याच नाहीत. ज्यांना पाकिटावर पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा हे दहादा सांगावं लागतं, त्यांना सड काय दाखवणार, कपाळ?

शुक्रवारचे ब्याऐंशी मंगळवारी एकशे चार झाले. बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, पण काट्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. हे जगलं पाहिजे, एवढं एकच त्यांना त्या आठवड्यात मनापासून हवं होतं. आणि तसं हवंसं वाटतंय याचा त्यांना रागही येत होता.

बुधवार-गुरुवार त्यांची रजा होती, धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "तुम्ही निर्धास्त जा," हेडक्लार्क म्हणाले, "मी व्यवस्था लावतो." त्यांनी व्यवस्था लावली म्हणजे एक कागद तयार होतो, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. पण मामा आहेत, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्या गेल्या.

शुक्रवारी दहा वाजता त्या थेट रेकॉर्ड रूममध्ये शिरल्या. खोक्यात तीनच पिल्लं. बाहेर येऊन बघतात तर मामांच्या स्टुलावर त्यांची लोकरीची टोपी, तिला लागून गरम पाण्याची बाटली, आणि टोपीत राखाडी पिल्लू.

"काल रात्रीपासून ओढत नाही," मामा म्हणाले. "रात्री बघितलं तर गार पडलं होतं. दर दोन तासांनी लावतोय, पण तोंडच उघडत नाही. आत्ताशी कुठं जरा ऊब धरलीय."

काटा नव्वदवर थांबला. बाईंनी पिल्लू स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि मग त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. 'मांजर-पिल्लू स्तनपान पत्रक.' वर विषय, खाली संदर्भ, त्याखाली आठवड्याचे वार, रोजच्या चार वेळा, आणि प्रत्येक चौकोनात झोकात केलेली सही. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंतच्या सगळ्या सह्या झालेल्या होत्या. आज शुक्रवार होता, आणि सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे काय आहे?" बाईंनी कागद ओढून काढला आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"पत्रक," हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते पिल्लाचं नव्हतं. "सगळ्यांनी मनावर घेतलं हो. एक चौकोन रिकामा नाही."

"चौकोन रिकामे नाहीत, पण पोट रिकामं आहे त्याचं!"

"पत्रकाप्रमाणे बघितलं तर—"

"मग पत्रक वाचून दाखवा त्याला! बघू ढेकर देतंय का!" बाईंचा आवाज चढला. "बुधवार दहा. टायपिस्ट. पाजलंस?"

"अहो, मी गेले होते ना," टायपिस्ट रडवेली झाली. "पण इतकं गोड झोपलं होतं, मला उठववेना."

"वा! म्हणजे दया केलीस! बुधवार बारा आणि तीन. हेडक्लार्क साहेब. तुमचं काय? तुम्हालाही उठववेना?"

"मी देखरेखीला होतो," हेडक्लार्क म्हणाले. "सही देखरेखीची आहे."

"उभ्या जन्मात कशावर देखरेख केलीत हो तुम्ही? समोरच्या चहावर साय धरते, तीसुद्धा दिसत नाही तुम्हाला! बुधवार पाच. पुन्हा टायपिस्ट. पुन्हा गोड झोपलं होतं?" बाई आता सगळ्यांकडं वळल्या. "लाज नाही वाटत? नव्वद ग्रॅमचा जीव. त्याला रजा मागता येत नाही, तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडाला पानं पुसता? मला तुमची किळस येते. एकेकाची. तुमच्यापेक्षा ती मांजर बरी, ती निदान काही लिहून देत नाही!"

बाईंना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. कित्येक वर्षांचं तुंबलेलं मोकळं होत होतं. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याच जोरात तोंड उघडलं. "गुरुवार दहा—"

सही त्यांची होती.

दहाला त्यांची, बाराला त्यांची, तीनला आणि पाचलाही. नक्कल नव्हती. शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली ती शेपटी दुसऱ्या कुणाला जमली नसती. मंगळवारी संध्याकाळी हेडक्लार्कनी नेहमीसारखा गठ्ठा पुढं केला होता. पर्स खांद्याला लावून, एक नजर घड्याळाकडं ठेवून, त्यांनी उभ्या उभ्या तो संपवला होता. काय आहे म्हणून विचारलंही नव्हतं. कधीच विचारत नसत. या ऑफिसातले कागद वाचायच्या लायकीचे नसतात, हे त्यांचं ठाम मत होतं.

कुणाला अजून कळलं नव्हतं. शुक्रवारच्या ओळीवर उडी मारली असती तरी चाललं असतं. स्वेटरच्या आत काहीतरी हललं, अगदी बारीक.

"गुरुवार दहा," बाई म्हणाल्या. "मी. बारा, मी. तीन, मी. पाच, मी."

"तुम्ही अनुभवी, म्हणून अख्खा गुरुवार तुम्हाला दिला होता," हेडक्लार्क म्हणाले. रजेची फाईल वेगळी असते आणि पत्रकाची वेगळी, त्यामुळे यात काही विचित्र आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र एकदम उजळला. ते उठून जवळ आले आणि बाईंशी आजवर कधी बोलले नव्हते इतक्या मायेनं म्हणाले, "असू द्या हो. होतं असं. आपल्यातल्याच आहात तुम्ही."

टायपिस्टनं डोळे पुसून बाईंसाठी पाण्याचा ग्लास भरून आणला. बाईंनी तो घेतला नाही. त्यांना थोबाडीत मारल्यासारखं झालं, आणि ज्याला उलट मारावं असं समोर कुणी नव्हतं.

त्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन जमिनीवर बसल्या. मामांनी न सांगता मोठ्या तिघांना ट्रेमध्ये काढलं. बाईंनी पिल्लू बाहेर घेतलं, पोटाला हात लावून ऊब बघितली आणि मागच्या सडाशी नेलं. त्यानं तोंड बाजूला केलं. पुन्हा नेलं. पुन्हा तेच.

"मामा," त्या वर न बघता म्हणाल्या, "निदान बुधवारी तरी कुणी पाजलं का याला?"

"मी पाजलं की. चारही वेळा. हेडक्लार्क साहेब मला म्हणाले होते, पत्रकात तुमचं नाव नाही, हात लावू नका. पण सह्या बघितल्या आणि म्हटलं, ही माणसं काय पाजणार! मग सगळे चहाला गेले की गुपचूप लावायचो. चांगलं प्यायचं. रात्री एकशे आठ भरलं होतं."

"मग काल?"

"काल तुमची सही होती ना, बाई. म्हटलं, बाईंनी सही केलीय म्हणजे कुणालातरी नीट सांगून ठेवलं असणार. तुम्ही काही उगाच सही करणाऱ्या नव्हे. मग मी दिवसभर आत डोकावलोच नाही."

मामांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंनी त्यांना तिथंच सुनावलं असतं. बाहेर हेडक्लार्क कुणालातरी सांगत होते की बाई बोलतात फटकळ, पण मनानं चांगल्या आहेत.

बाईंनी करंगळीनं पिल्लाचा जबडा जरासा उघडला, सड आत धरला आणि थेंबभर दूध पिळलं. त्यानं ते गिळलं. मग थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याचे पुढचे दोन पाय आईच्या पोटावर रुतले आणि ते ओढायला लागलं.

"पितंय," मामा म्हणाले.

"मामा," बाई म्हणाल्या. "मामा, यापुढं माझी सही दिसली, तरी पाजत जा."