छडीचा कार्यक्रम

प्यो दोकसूचं कोरियातल्या जॉन्जूच्या जुन्या बाजारात चष्म्याचं दुकान होतं, पण अर्धा दिवस तो चष्मे सोडून दुसऱ्याच उद्योगात असायचा. अकरा वर्षं तो शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या मंडळाचा चिटणीस होता. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला बढती मिळाली, कुणाचे वडील गेले, की आधी त्याला फोन यायचा आणि मग तो ते सगळ्यांना कळवायचा. मयत असलं की दोकसू वर्गाच्या नावाचा ध्वज घेऊन हजर व्हायचा, आणि त्याच्या आधी वर्गातर्फे माणसाहून उंच, तीन थरांचं पुष्पचक्र पोचलेलं असायचं. चोपन्न मुलांपैकी त्रेपन्न जणांचा पत्ता त्यानं लावला होता, त्यातले तीन वर गेलेले धरून. लोक म्हणायचे, मित्रांसाठी जीव टाकावा तर दोकसूनं. दोकसू हसून विषय बदलायचा. तो कुणासाठी जीव टाकत नव्हता. तो एकाच माणसाला शोधत होता आणि शोधता शोधता बाकीचे सापडत गेले होते.

चोपन्नावा होता नो इन्गू.

गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची, अकरावीतली. संध्याकाळचा स्वाध्याय चालू होता, सगळ्यांची मुंडकी वहीत होती आणि व्हरांड्यातून हाम सर चालले होते. हाम सरांना मुलं पाठीमागे 'पिसाळ' म्हणायची, त्यावरून काय ते समजावं. नेमकी तेव्हाच मागच्या बाकांवरून एक बारीक शिट्टी वाजली. सर परत फिरले. कोणी वाजवली म्हणून विचारलं, तर सगळे गप्प. खरंच कुणाला माहीत नव्हतं, एक सोडून. सर मॉनिटरला म्हणाले, पाच मिनिटांत नाव लिहून माझ्या टेबलावर आणून ठेव.

मॉनिटर होता दोकसू, तेव्हाही जाड भिंगांचा चष्मा लावणारा. आणि शिट्टीही त्याचीच होती. अवघड गणित सुटल्याच्या आनंदात ती ओठांतून निसटली होती, सर बाहेर आहेत हे त्याला कुठे ठाऊक होतं. पण पिसाळाला हे समजावणार कोण? त्यानं चिठोऱ्यावर 'नो इन्गू' लिहिलं आणि टेबलावर नेऊन ठेवलं. इन्गूला बोलावणं आलं. वीस मिनिटांनी तो उजवा कान हातानं दाबून परत आला, जागेवर बसला आणि वही उघडली. महिन्याभरात त्याचं शाळेत येणं थांबलं. कानाचा पडदा फाटला म्हणे, असं नंतर कोणीतरी बोललं. चिठ्ठीचं कुणालाच कळलं नाही, इन्गूलाही नाही.

इन्गूचंच नाव का लिहिलं, हे दोकसूला पक्कं ठाऊक होतं. त्या आठवणीच्या वाटेला तो शक्यतो जात नसे.

यंदा मार्चमध्ये वर्गाचा अध्यक्ष गिल मानहो याची आई गेली. दोकसू ध्वज घेऊन इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात जरा लवकरच पोचला. दाराशी टोपी घातलेला एक माणूस वर्गाचं पुष्पचक्र उभं करत होता. काळ्या अक्षरांची रिबीन त्यानं नीट केली, पोचल्याची सही घेतली, मोबाइलवर फोटो काढला.

"जरा अलीकडे घ्याल का?" दोकसू म्हणाला.

माणसानं मान वळवून डावा कान पुढे केला. दोकसूनं टोपीखालचा चेहरा निरखला.

"इन्गू?"

"ओळखलंस म्हणायचं," माणूस म्हणाला. "आठ वर्षं लागली."

"कशाला आठ वर्षं?"

"तुझी ऑर्डर आमच्याच दुकानात येते की. प्यो दोकसू, चष्मेवाला. आठ वर्षं मीच पोचवतोय. तुमच्या वर्गातल्या सगळ्यांचे आईबाप मी फुलं देऊन वाटेला लावलेत."

"अरे, मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? रिबिनीवर असतं, तिसाव्या बॅचचे मित्र. मी पासच झालो नाही, मी कुठला मित्र?"

दोकसूनं त्याच्या आईची चौकशी केली. आई जाऊन चार वर्षं झाली, असं इन्गूनं सांगितलं.

"कळवायचंस रे. मी ध्वज घेऊन आलो असतो, पुष्पचक्र पाठवलं असतं."

"पुष्पचक्र मीच बनवलं," इन्गू म्हणाला. "रिबीन कोरी ठेवली. कुणाचं नाव घालणार?"

अडचणीत सापडला की चिटणीस जे करतो तेच दोकसूनं केलं, आमंत्रण दिलं. शाळा सोडल्याला यंदा तीस वर्षं होतात, मेमध्ये मोठा मेळावा आहे, तू यायचंसच.

"हाम सर येणार?"

"हो. त्यांचा सत्कार आहे."

"मग येतो," इन्गू म्हणाला. "त्यांना एक विचारायचंय."

काय विचारायचंय, हे त्यानं सांगितलं नाही आणि दोकसूनं विचारलं नाही. गरजच नव्हती.

त्यानंतरचे दोन महिने दोकसूनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. इन्गू सापडावा म्हणून अकरा वर्षं खपला, आणि आता सापडला तर जेवण गोड लागेना. दोनदा त्यानं इन्गूला फोन केला, सगळं सांगून टाकायचं असं घोकून. पहिल्यांदा गाडी कुठे लावायची ते सांगितलं. दुसऱ्यांदा जेवणात कच्चा मासा चालतो का, ते विचारलं. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

त्यात मानहोनं नवीन खूळ काढलं. मोड आलेल्या सोयाबीनच्या सूपवर समितीची बैठक चालली होती.

"सत्कार, भाषण, सगळं ठीक आहे," मानहो म्हणाला. "पण खरी मजा सांगू? सरांच्या हातात छडी द्यायची. आपण सगळ्यांनी रांगेनं जायचं, खुर्ची धरून वाकायचं, सर एकेक फटका देणार. हल्ली सगळ्या मेळाव्यांत करतात. आणि शाळेचे गणवेश भाड्यानं आणायचे."

"आपल्या वेळी गणवेश नव्हतेच. बंद केले होते," दोकसू म्हणाला.

"फोटोत कुणाला कळतंय?"

"छडी नको, मानहो."

"का?"

"काही जणांना खरंच मार बसलाय."

"सगळ्यांनाच बसलाय, लेका. मला तर किती बसला. बघ, बिघडलो का मी?"

बाकीचे हसले. "बिघडायला आधी बरा असावा लागतो," एकजण म्हणाला. दोकसूला आणखी बोलायचं होतं, पण बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि कार्यक्रमपत्रिकेत आपल्याच हातानं लिहिलं: आठवणीतली छडी, अडीच वाजता.

मेळाव्याला चार दिवस असताना त्यानं आणखी एक हलकट काम केलं. हाम सरांच्या मुलीला फोन करून तो म्हणाला, सरांचं वय झालंय, दगदग होत असेल तर आग्रह नाही, आम्ही घरी येऊन सत्कार करू. मुलगी म्हणाली, "अहो, बाबांनी आठवड्यापूर्वीच कोट इस्त्री करून घेतलाय. दोन वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं त्यांना."

शनिवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीस जण जमले. पन्नाशीच्या पुरुषांनी काळे गणवेश चढवले होते, बटणं पोटावर लागत नव्हती आणि टोप्या टकलांवरून घसरत होत्या. एकमेकांना पाहून त्यांचं हसू थांबत नव्हतं. माकगॉलीचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, वाडगे भरत होते. दोकसूच्या हातात माईक होता.

इन्गू दाराजवळच्या टेबलावर बसला. त्यानं गणवेश घेतला नाही. काहींनी त्याला ओळखलं, मिठ्या मारल्या. तो डावा कान पुढे करून ऐकत होता आणि पाणी पीत होता.

हाम सर मुलीचा हात धरून आले. हा तो पिसाळ, यावर विश्वास बसू नये इतके ते वाळले होते. सगळ्यांनी जमिनीवर डोकं टेकवून त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. दोकसूनं चोरून दाराकडे पाहिलं. इन्गूनंही नमस्कार केला होता.

अडीच वाजले. मानहोनं सरांच्या हातात छडी दिली आणि स्वतः पहिला जाऊन वाकला. सरांच्या हातात जोर उरला नव्हता, छडी जेमतेम पँटला लागली, तरी मानहो असा विव्हळला की हॉल हसून फुटायची वेळ आली. मग दुसरा, मग तिसरा. दोकसू माईकवर प्रत्येकाचं नाव पुकारत होता आणि मध्येच दाराजवळच्या टेबलाकडे पाहत होता. आठवा गेला तेव्हा इन्गू उठला आणि रांगेत शेवटी उभा राहिला.

रांग पुढे सरकत गेली. त्याच्यापुढे सहा होते, मग चार, मग एक. मग तो खुर्चीपाशी आला. वाकला नाही.

"सर, मी नो इन्गू. अकरावी, सातवी तुकडी."

"हो हो," सर म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. "ये बाळा, वाक."

"मला तुम्ही छडीनं नाही मारलंत. हातानं मारलंत, या कानावर. तेव्हापासून त्यानं ऐकू येत नाही."

मागच्या टेबलावरचं हसणं थांबायला जरा वेळ लागला. सरांच्या मुलीनं वडिलांचा दंड धरला.

"मी भांडायला आलो नाही, सर. एवढंच विचारतो. शिट्टी मी वाजवली नव्हती. माझं नाव तुम्हाला कोणी दिलं?"

सरांनी छडी खुर्चीवर ठेवली. "कोणी नाही दिलं," ते म्हणाले. "मीच पाहिलं असणार. माझीच चूक झाली असेल. मी फार मारायचो. मला माफ कर."

एवढं म्हणून त्यांनी, ऐंशीच्या घरातल्या माणसानं, इन्गूपुढे मान खाली घातली. मानहो लगबगीनं उठला. "बघा, सरांचं मन केवढं मोठं," तो म्हणाला, "टाळ्या वाजवा रे." टाळ्या सुरू झाल्या. इन्गूनंही मान हलवली आणि जायला वळला.

दोकसू सुटला होता. गप्प राहिला असता तर कुणाला काही कळायचं नव्हतं. टाळ्या संपल्या की पुढचा कार्यक्रम पुकारायचा, बस. पण वाकलेल्या सरांकडे पाहून त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्यानं माईक तोंडाशी धरला.

"सरांनी पाहिलं नव्हतं," तो माईकवर म्हणाला. "चिठ्ठी मी लिहिली. शिट्टीही माझीच होती."

टाळ्या विरून गेल्या. "आता काय हे, चष्मेवाल्या?" मानहो पुटपुटला. इन्गू परत वळला आणि दोकसूच्या समोर येऊन उभा राहिला, डावा कान त्याच्याकडे करून.

"तू लिहिलंस."

"हो."

"चोपन्न जण होतो आपण. माझंच का?"

या प्रश्नाचं उत्तर दोकसूनं तयार ठेवलं होतं. घाबरलो होतो, जे पहिलं सुचलं ते लिहिलं. पोरवय होतं, कुणीही समजून घेतलं असतं. ते उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलंही, पण इतकी वर्षं याला शोधून शेवटी हेच सांगायचं, हे त्याला सहन होईना.

"तुझे वडील नव्हते," तो म्हणाला. "आई मासे विकायची. दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असतं तर सकाळी त्याच्या घरचं कोणीतरी शाळेत येऊन जाब विचारला असता. तुझ्यासाठी कोणी येणार नाही, असा हिशेब केला मी."

"आली होती," इन्गू म्हणाला. "आई. धंदा बुडवून तीन दिवस आली. वॉचमननं आत सोडलं नाही, कपड्यांना माशांचा वास येतो म्हणून. मग सकाळी शाळा भरताना फाटकाबाहेर उभी राहायची, कुणीतरी सर दिसतील म्हणून. घरी येऊन मला म्हणाली, त्या शाळेत एक पोरगा चांगल्या वळणाचा आहे. चष्मा लावणारा, मॉनिटरचा बिल्ला असलेला. तिन्ही दिवस मला वाकून नमस्कार करून आत गेला. मरेपर्यंत सांगायची."

दोकसूनं जीव खाऊन आठवून पाहिलं. फाटकापाशी उभी असलेली एकही बाई त्याला आठवेना.