पाचव्या बाईचा हप्ता

साडेदहा वाजून गेले तरी धाकटी जाऊ आली नाही, तेव्हा शिलाईवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येईल, येईल म्हणत बसा," भाजीवाली चटईवर पाय पसरत म्हणाली. "माझा माल तिकडे उन्हात पडलाय. सुकल्यावर कोण घेणार, तुझी जाऊ?"

कर्ज घेतलेल्या पाच जणी दर मंगळवारी शिलाईवालीच्या पुढच्या खोलीत जमायच्या. कर्ज देणाऱ्या कंपनीचा नियम साधा होता. पाचही हप्ते जमा झाल्याशिवाय एकीनेही उठायचं नाही. एकीने चुकवलं तर बाकीच्या चौघींनी भरायचं, नाहीतर पाचही जणींचं पुढचं कर्ज बंद. वसुलीला दारात गुंड पाठवायची कंपनीला गरजच नव्हती. शेजारणी होत्या की फुकटच्या!

कंपनीची हप्तेवाली बाई सारखी घड्याळ बघत होती. बारा वाजता परदेशातून पाहुणी येणार होती. तिच्या संस्थेच्या पैशावर कंपनी आणखी सहा देशांत असेच गट काढणार होती, आणि दाखवायला हाच गट निवडला होता, कारण याची वसुली शंभर टक्के.

"आता काय ऐंशी टक्के दाखवू त्यांना?" हप्तेवाली म्हणाली. "आणि ताई, तुमच्या दुकानाचं कर्ज वर मंजुरीला गेलंय. आज घोळ झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दुकानासाठीच तर शिलाईवालीचा सगळा खटाटोप होता. पलंग आणि स्टोव्ह यांच्या मधे मशीन कोंबून ती तीन वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती. नाक्यावरचा गाळा रिकामा झाला होता. त्याच्या अनामतीसाठी तिने पैसा पैसा करून अर्धी रक्कम जमवली होती, उरलेली कर्जातून यायची होती. आणि ही बया सगळ्यावर पाणी फिरवणार!

खरं सांगायचं तर त्या बयेला या भानगडीत ओढलं होतं शिलाईवालीनेच. "मला कर्ज नको ताई, मला लागतच नाही," असं ती बिचारी दहादा म्हणाली होती. पण चौघींना कर्ज मिळत नव्हतं, पाच लागत होत्या. "नुसती सही कर गं, मी आहे ना," म्हणून शिलाईवालीने तिला हाताला धरून आणलं. वर हप्तेवालीने सांगितलं की एवढं छोटं कर्ज देतच नाहीत, दुप्पट घ्या. नको असलेलं कर्ज दुप्पट होऊन घरात आलं. जावेने त्यातून आपल्या इस्त्रीच्या धंद्यासाठी नवीन टेबल घेतलं, मोठी इस्त्री घेतली. मग समोरच्या हॉटेलाने स्वतःची धुलाई सुरू केली आणि तिचं काम निम्म्यावर आलं. हप्ता कुठला निम्म्यावर यायला!

"उठा गं," शिलाईवाली पदर खोचत म्हणाली. "इस्त्रीच घेऊन येऊ. मग बघते कशी येत नाही ते."

गटाची ही रीतच होती. हप्ता येईपर्यंत जिची तिची वस्तू आणून ठेवायची.

जाऊ दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याखालच्या खोलीत राहायची. चौघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा ती घामाघूम होऊन शर्टाची कॉलर दाबत होती. शेजारी अकरा शर्ट पाणी शिंपडून ठेवलेले.

"ताई, एवढे शर्ट होऊ द्या," ती मान वर न करता म्हणाली. "शर्टांचे मालक दीडला येऊन पैसे देणार आहेत. तसेच धावत घेऊन येते."

"बाराच्या आत हवेत."

"बाराला कुठून आणू? अंगावरचं विकू का?"

शिलाईवालीचा पाय उंबऱ्यावर अडला. पाठीमागून भाजीवालीचा आवाज आला, "का गं, थांबलीस का? माझा तराजू उचलताना तर नव्हती थांबलीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. मागच्या वर्षी तराजू उचलायला तीच पुढे होती, आणि दोन शब्द वर सुनावलेही होते. शिलाईवालीने आत जाऊन इस्त्रीचा प्लग ओढला. जावेने तापलेल्या इस्त्रीखाली फडकं दिलं, ताईंचा हात भाजू नये म्हणून.

पाहुणी बारालाच आली. पांढऱ्या केसांची, हसरी, चटईवर मांडी घालून बसणारी. इस्त्री कोपऱ्यात दिसली तशी तिने कौतुकाने काहीतरी विचारलं. हप्तेवाली दुभाष्याचं काम करत होती.

"ताई, ती इस्त्री हातात घ्या. विचारतायत, धंदा हिच्यावरच सुरू केला का? हो म्हणा. फोटो काढतायत."

शिलाईवालीने इस्त्री उचलली. ती अजून कोमट होती. आणि मग तिचा बांध फुटला.

"हो म्हणू? कशाला हो म्हणू? सांगा त्यांना, ही माझ्या जावेची इस्त्री आहे. तिच्या पोटावर पाय देऊन आणलीय मी! आम्हाला एकमेकींच्या घरात चोरासारखं शिरायला लावता आणि वर फोटो काढता? सहा देशांत हेच करणार? तिथल्या बायकांनाही जावा असतील, नणंदा असतील. लाज वाटते का बघा जरा!"

हप्तेवालीचा चेहरा पांढरा पडला. मग ती पाहुणीकडे वळून शांतपणे, हसून, चार वाक्यं बोलली. पाहुणीने छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले आणि ती टाळ्या वाजवू लागली.

"काय सांगितलंत?" शिलाईवाली ओरडली. "मी शिव्या घालतेय आणि ही रडतेय कौतुकाने?"

"तुम्ही जावेची जबाबदारी घेता, एवढंच सांगितलं," हप्तेवाली तोंडातल्या तोंडात पुटपुटली. "गप्प बसा ताई. तुमच्याच भल्याचं आहे."

"भलं गेलं खड्ड्यात!"

तिने उशीच्या अभ्र्यातून अनामतीचे पैसे काढले, जावेचा हप्ता मोजून हप्तेवालीच्या पुढ्यात आपटला आणि इस्त्री काखोटीला मारून बाहेर पडली. मागे हप्तेवाली पुन्हा काहीतरी समजावत होती, आणि टाळ्या आणखी मोठ्या झाल्या होत्या.

जिन्याखालच्या खोलीत शर्ट नव्हते. मालक लवकर आला होता. काम झालेलं नाही म्हणून ओले शर्ट तसेच घेऊन गेला, पुन्हा काम देणार नाही म्हणून सांगून गेला. जावेने इस्त्री घेतली, वायर गुंडाळली आणि फळीवर ठेवली.

"हप्ता कोणी भरला?"

"मी भरला. जाऊ दे ते. एक पैसा परत नको मला. चुकलं गं माझं."

"नको कसं?" जाऊ म्हणाली. तिने आयुष्यात कधी ताईंच्या नजरेला नजर दिली नव्हती, ती आज दिली. "एकदम नाही जमणार. थोडे थोडे देईन. दर मंगळवारी आणून देत जाईन."