उष्टा वारा

अंधेरीच्या ऑफिसात बसून साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या सांभाळणाऱ्या माणसांची वाऱ्याशी कधी गाठ पडत नाही. खिडक्या बंद, एसी चालू, डोळे लाल. अनंतरावांकडे पुढच्या रांगेतली एक नंबरची चक्की. तिच्या मागच्या दोन आणि तीन शर्मिष्ठाकडे.

पुढची चक्की ताजा वारा खाते, मागच्यांच्या वाट्याला उष्टा, दमलेला वारा येतो. शर्मिष्ठाने उपाय काढला: एक नंबरचं तोंड वीस अंश वळवायचं, म्हणजे उष्टा वारा मागच्या दोघींना चुकवून बाजूने निघून जातो. दोन महिने करून पाहिलं. एक नंबरची वीज तासाला ऐंशी युनिट घटली, मागच्या दोघींची मिळून एकशेसत्तर वाढली. झकास!

पण भिंतीवरचा तक्ता माणसागणिक: कोणाची चक्कीमागे सरासरी किती वीज. सलग तीन महिने तळाला राहील त्याची पठारावर बदली. अनंतराव दोन्ही महिने तळाला. निवृत्तीला दीड वर्ष, आणि घाटकोपरला बायकोचा, वसुधाबाईंचा, गुडघा नुकताच बदललेला.

तिसऱ्या महिन्याच्या दहा तारखेला स्क्रीनवर एक नंबर सरळ झालेली दिसली.

"काका, तुम्ही सरळ केलीत?"

"केली."

"अहो, एकूण नव्वद युनिट जातायत तासाला!"

"एकूणची बदली होत नाही गं. माझी होते."

ती साहेबांकडे, केयूरकडे गेली. तिन्ही चक्क्यांची बेरीज एकत्र धरा म्हणाली.

"तसा कॉलमच नाहीये यार," केयूरने जांभई दिली. "तक्ता वरून येतो. चक्कीपुढचं नाव बदलायचं असेल तर सांग, आत्ता करतो."

"मग एक नंबर माझ्या नावावर टाका. दोन-तीन काकांना द्या."

अनंतरावांनी खुर्ची वळवली. "वेडी आहेस का? तीन महिन्यांत पठारावर जाशील."

"जाईन ना. चार वर्षं वारा नुसता आकड्यांत बघतेय. कंटाळा आलाय."

अनंतराव दोनदा नको म्हणाले. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही, तेव्हा घाईघाईने हो म्हणाले. नावं बदलायला केयूरला एक मिनिट लागलं, एक नंबर पुन्हा वीस अंश वळवायला शर्मिष्ठाला त्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चहा घेऊन तिच्या टेबलापाशी आले. वसुधाबाई आता दोन पायऱ्या चढतात, वगैरे सांगितलं. जरा घुटमळले. मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "वीस अंश ठीकच आहे गं. पण बावीस केलं तर?"