वर राहिलेलं बोट

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेली, की कवळी फ्रिजमधून बर्फ काढायचा, पेल्यात टाकायचा आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट त्यात बुडवून उभा राहायचा. बोटाचं मधलं पेर गेले सहा महिने सुजलेलंच होतं. आतून पाण्याचा आवाज थांबला, की पेला रिकामा, बोट टॉवेलात आणि चेहरा असा, की जणू काही घडलंच नाही. मग बूट घालता घालता तो मनाशी म्हणायचा, आज सांगून टाकायचं. काय वाट्टेल ते होवो, आज सांगायचंच. असे किती रविवार आले आणि गेले, त्याचं त्यालाच ठाऊक.

कवळी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून मैदानावरच्या टोळक्याने त्याला ते चिकटवलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल. त्यावर प्लास्टरचे साचे, मेण, एक बारीक सुरी आणि स्पिरिटचा दिवा. मेणात एकेक दात बसवायचा आणि कडेवरून बोट फिरवायचं. डोळ्यांना दिसत नाही ते त्या बोटाला कळायचं. इथे टोचेल, इथे हिरडी सोलून निघेल. बावीस वर्षं त्या बोटाने दगा दिला नव्हता. सूज आल्यापासून मात्र त्याला काही म्हणजे काही कळेनासं झालं, आणि एका महिन्यात तीन कवळ्या परत आल्या.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"हे बघा, तुमचं काम मला माहीत आहे, म्हणून इतके दिवस बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी त्या आजींची कवळी द्यायची आहे. दोन महिने बाई नुसतं पातळ खाऊन राहिल्यात. ती जर परत आली ना, तर मला काम बाहेर द्यावं लागेल. त्या बोटाचं काय ते बघा एकदाचं."

"बघतो," कवळी म्हणाला.

बघायचं म्हणजे एकच करायचं होतं. विकेटकीपिंग सोडायचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? उद्यापासून येत नाही म्हणावं आणि मोकळं व्हावं! अहो, म्हणून तर बघा. दुसऱ्यांच्या तोंडात बत्तीस बत्तीस दात बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात 'नाही' हा एक शब्द काही बसत नव्हता. भिडस्त, महाभिडस्त माणूस.

आणि तिथले नियमही काही साधे नव्हते. ते होते पंधरा जण. चौदांच्या सात-सातच्या दोन बाजू व्हायच्या, दर रविवारी चिठ्ठ्या टाकून. पंधरावा राहायचा तो दोन्ही बाजूंचा कीपर. कुणीही बॅटिंग करो, कुणीही बोलिंग करो, यष्ट्यांमागे हाच. सकाळी सातला वाकायचं ते अकराला सरळ व्हायचं. त्याला बॅटिंग नाही, बोलिंग नाही, हरणं नाही की जिंकणं नाही. नऊ वर्षांपूर्वी टोळक्याचा कप्तान म्हणाला होता, "कवळ्या, आजच्या दिवस उभा राहतोस का?" तो आजचा दिवस काही अजून मावळला नव्हता.

सोडून जायलाही रीत होती. मध्यंतरी चारपाच जण गळाले आणि वर्षभर खेळच बंद पडला. तेव्हा कप्तानाने सगळ्यांना शब्द द्यायला लावला, की ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, पण आपल्या जागी बदली माणूस आणून द्यावा. बोलर मिळतात हो, बॅट्समन तर ढिगाने मिळतात. चार तास वाकून चेंडू खायला कोण येणार? कवळीने एकदा शेजारच्या व्यायामशिक्षकाला गळ घातली. तो आला, तासभर उभा राहिला आणि विचारता झाला, "माझी बॅटिंग कधी?" कुणीतरी खरं काय ते सांगितलं. पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो गेला.

मग त्याने आणलं मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला. नोकरी सुटून पोरगा वर्षभर त्यांच्याच घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. कवळी मनात म्हणाला, याच्या हातात ग्लोव्हज देऊ, यालाही बरं आणि मलाही. पण मेहुण्याने गंमत म्हणून एक ओव्हर टाकली आणि तीन दांड्या उडवल्या! टोळक्याने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच आठवड्यात एक जण परगावी जायला निघाला होता, तर मेहुणा त्याचा बदली म्हणून लागला. कप्तान होता प्लंबर. त्याने मेहुण्याला कामावरही घेतलं. पोरगा खायला-प्यायला लागला, हसायला लागला. बायको तर कप्तानाचं नाव निघालं, की डोळे पुसायची आणि म्हणायची, "अहो, त्या माणसाचे उपकार विसरू नका हं." सुटायला म्हणून गेला होता बिचारा, आणि आणखी दोन दोरखंड बांधून घेऊन आला.

म्हणून त्या रविवारी बूट घालताना त्याने वेगळंच ठरवलं. सांगता येत नाही ना? मग सांगायचंच नाही. आज एकही चेंडू पकडायचा नाही. कॅच सोडायचे, बायच्या धावा द्यायच्या, इतका गचाळ खेळ करायचा, की त्यांनीच वैतागून हाकलून लावावं. सोमवारी बोट जरा हलकं होईल आणि मंगळवारी आजींच्या तोंडात कवळी नीट बसेल.

पहिल्या डावात त्याने हातात आलेला सोपा कॅच सोडला. काय यातना झाल्या म्हणून सांगू! पण सोडला. मग दोन्ही बाजूंचा माणूस आपण, अन्याय नको, म्हणून दुसऱ्या डावातही एक मोजून सोडला. बायच्या धावांचा तर पाऊस पाडला. चेंडू मागच्या कुंपणाला जाऊन लागत होता आणि हा आपला वळून बघत होता. आता शिव्या पडणार, आता कप्तान तडतडणार, म्हणून कान टवकारले.

कप्तान चहाचा पेला घेऊन आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कवळ्या, घरी सगळं ठीक आहे ना रे? काही असलं तर सांग. आपण आहोत."

झालं! मग एकेक जण येऊन विचारपूस करून जायला लागला. एकाने पाणी आणून दिलं. एकाने त्याचे पॅड सैल झालेत म्हणून खाली बसून पट्टे आवळून दिले. कवळीला रडू यायचं बाकी होतं. शिवी दिली असती तर माणूस निघून तरी गेला असता.

शेवटची ओव्हर आली. बोलर मेहुणा, समोर कप्तान. मेहुण्याने अजून एकदाही कप्तानाला बाद केलं नव्हतं, आणि त्यावरून कामावर त्याची रोज खेचली जायची. पाचवा चेंडू जरासा बाहेर पडला आणि बॅटची कड घेऊन उजवीकडे खाली निघाला. सोड, कवळीने स्वतःला बजावलं. सोड, आजींची कवळी आठव, सोड! पण हातांना कुठे ऐकू येतं? नऊ वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. तो आडवा पडला होता, चेंडू उजव्या ग्लोव्हमध्ये होता, आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं होतं.

मेहुणा ओरडत आला आणि त्याच्या अंगावर पडला. "भाऊजी! काय कॅच, भाऊजी! आजच्या दिवसाचा सगळा हिशेब फेडलात!"

ग्लोव्ह काढला तर बोटाचं टोक भलतीकडेच लोंबत होतं. कप्तान गाडी काढायला धावला.

हाड मोडलं होतं आणि आतली शीरही तुटली होती. हाडांच्या दवाखान्यातल्या माणसाने पत्र्याची पट्टी लावून बोट ताठ बांधलं आणि बजावलं, की सहा आठवडे हे असंच राहणार, हात छातीशी वर धरायचा, खाली सोडलात तर ठणकेल. खरं सांगायचं तर, त्या क्षणी कवळीच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. दुखत होतं, पण सुटलो. कप्तानाच्या गाडीत, पाइपांच्या गठ्ठ्याशेजारी बसून, त्याने सगळं सांगितलं. बर्फ, परत आलेल्या कवळ्या, डॉक्टरीणबाईंचं बोलणं, सगळं. नऊ वर्षांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता.

कप्तानाने गाडी बाजूला घेतली. "गाढवा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "आधी का नाही बोललास? आम्ही काय परके आहोत? ऐक. बरा होईपर्यंत ग्लोव्हजना कुणी हात लावणार नाही. बदली-बिदली काही आणायची नाही. तुझी जागा तुझीच राहणार, माझा शब्द आहे."

मला ती जागा नकोच आहे, असं म्हणायला कवळीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून मेहुणा बोलला, "भाऊजी, तुम्ही त्या दिवशी मला मैदानावर ओढत नेलं नसतं, तर माझं काय झालं असतं, मला विचारही करवत नाही." आणि मुसमुसायला लागला. कवळीने तोंड मिटलं.

बायको आधी रडली, मग भडकली. "सहा महिने! आणि मी समजतेय फ्रिज बिघडलाय, बर्फच धरत नाही!"

सोमवारी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी बोटाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, ओरडणाऱ्यातल्या नव्हत्याच. आजींचा साचा दुसरीकडे पाठवते म्हणाल्या. सहा आठवडे खोली रिकामी ठेवणं परवडणारं नाही, तिथे दुसरा माणूस बसेल. तुम्ही बरे व्हा, मग बघू.

'बघू'चा अर्थ कवळीला चांगला ठाऊक होता. तो स्वतः तोच शब्द वापरून जगला होता. त्याने खुंटीवरचा पांढरा कोट काढला, डाव्या हाताने कशीबशी घडी घातली आणि तो घेऊन बाहेर पडला. रस्त्यात त्याला वाटलं, निदान रविवार तरी आता आपला. पडून राहीन, छताकडे बघेन, पण मैदान नको.

रविवारी पावणेसातला दारात हॉर्न वाजला.

"कवळ्या, चल! बोट मोडलंय, पाय नाहीत मोडले," कप्तान खालून ओरडला. "अंपायर म्हणून उभा राहा. घरात बसून कुढत बसशील."

कवळीने बायकोकडे पाहिलं. ती धुऊन इस्त्री केलेला पांढरा कोट हातात घेऊन उभी होती. "कप्तानांनी कालच सांगून ठेवलं होतं, पांढरा कोट असला तर बरं दिसेल म्हणून," ती म्हणाली. तिला किती आनंद झाला होता! "जा हो. मन रमेल. खिशात दात होते, ते तसेच ठेवलेत परत."

मैदानावर त्याने खिशात हात घातला. पुढचे सहा दात. आजींसाठी त्यानेच निवडले होते, त्यांच्या जुन्या फोटोवरून रंग जुळवून, किंचित पिवळसर. शुक्रवारी खिशात टाकले ते तिथेच राहिले होते. अंपायर लोक चेंडू मोजायला खडे घेतात. त्याच्याकडे दात होते. एक चेंडू झाला, की एक दात डाव्या खिशातून उजव्या खिशात.

चौथा चेंडू कप्तानाच्या पॅडवर लागला. मेहुणा गर्रकन वळला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "हाऊज दॅट, भाऊजी?"

चेंडू लेगच्या बाहेर चालला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. कवळी म्हणाला, "नाही."

मोठ्याने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने म्हणाला. पण कुणाचं त्याच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. सगळे त्याच्या छातीशी धरलेल्या हाताकडे बघत होते, जिथे पत्र्यात बांधलेलं ते एक बोट ताठ वर उभं होतं.

"बोट वर आहे!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान हसत सुटलं.

"नाही म्हणतोय मी!" कवळी ओरडला. "नाही! नाही!"

त्यावर ते आणखीच हसले. मेहुणा तर पोट धरून खाली बसला. कप्तानाने बॅट बगलेत मारली, त्याला झुकून सलाम ठोकला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत हसत मैदानाबाहेर चालू लागला. "अंपायरचा निर्णय अंतिम!" तो म्हणाला, आणि जाता जाता त्याने कवळीच्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली.

पुढचा बॅट्समन येऊन उभा राहिला. कवळीने हात खाली करून पाहिला. बोट ठणकायला लागलं, तसा त्याने तो परत वर घेतला. मग डाव्या हाताने चौथा दात या खिशातून त्या खिशात टाकला आणि म्हणाला, "दोन बाकी."